कार्यालयातील आयपी फोन : आवाजासाठी वेगळा पाट

भाताची लावणी आटोपल्यापासून पीक निसवेपर्यंत कृषी कार्यालयातील फोन सहसा शांत राहत नाही. खोडकिडीचा प्रादुर्भाव, पानांच्या कडा करपणे, खताचा पुढील हप्ता, फुटलेला बांध, पीक विम्याची मुदत अशा नाना कारणांसाठी शेतकरी विचारणा करीत असतात. पाऊस कोसळत असता व ओढ्यांना पाणी असता तालुक्याच्या गावी येऊन सल्ला विचारणे अनेकांना शक्य होत नाही. अशा वेळी फोनवर मिळालेल्या सल्ल्यावरच शेतातील काम ठरते. तो सल्ला स्पष्ट ऐकू जाणे हे खताच्या योग्य मात्रेइतकेच महत्त्वाचे आहे.

याचा अनुभव प्रस्तुत लेखकाला काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात आला. खाडीकाठच्या एका गावातील शेतकऱ्याने भाताच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळत असल्याचे फोनवर कळविले. लक्षणे कडा करप्याची होती. या रोगात पिकाला नत्र अधिक मिळाले की रोग फोफावतो; म्हणून “युरियाचा हप्ता सध्या देऊ नका,” असे त्यास सांगितले. त्याच वेळी त्याच कार्यालयातून पंचनाम्यांची छायाचित्रे संगणकावरून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविली जात होती. फोनवरील आवाज तुटला आणि वाक्याचा शेवटचा शब्द पलीकडे पोहोचलाच नाही. “युरियाचा हप्ता सध्या देऊ...” एवढेच शेतकऱ्याने ऐकले व हप्ता देऊन टाकावयाचा आहे असा त्याचा समज झाला. पुढच्या आठवड्यात प्रत्यक्ष शेतावर जाऊन पाहिले, तेव्हा रोग बराच पसरलेला होता. यात ऐकणाऱ्याची चूक नव्हती. कार्यालयातील फोनची मांडणी सदोष होती.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘फवारू नका’, ‘पाणी सोडू नका’, ‘कापणी करू नका’ या वाक्यांतील अखेरचा पाव सेकंद गळाला, तर सल्ल्याचा अर्थ नेमका उलटा होऊ शकतो. जी कार्यालये फोनवरून सल्ला देतात, त्यांनी आवाजाची वाट निर्वेध ठेवण्याची काळजी म्हणूनच घेतली पाहिजे.

फोनवरून शेतीसल्ला देण्याची पद्धत आता देशभर रूढ झाली आहे. केंद्र शासनाने २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर ही योजना सुरू केली. १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर शेतकऱ्यास आपल्या भाषेत उत्तर मिळते, आणि त्या केंद्रांत आयपी पद्धतीचीच फोनव्यवस्था वापरली जाते. मोठ्या केंद्रांची मांडणी तज्ज्ञ मंडळी करतात. परंतु तालुक्याची कार्यालये, विविध कार्यकारी सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या व बाजार समित्या यांच्याकडेही जुन्या तांब्याच्या तारांच्या जागी आता आयपी फोन येत आहेत. ते कसे बसवावेत याची माहिती सचिव, व्यवस्थापक व कार्यालयातील कर्मचारी यांना असावी, म्हणून ती येथे देत आहोत.

आवाज पुडक्यांत कसा भरला जातो

जुन्या पद्धतीत आपल्या फोनपासून टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या दोन तारांची एक जोडी जात असे. ती जोडी फक्त त्या फोनची असे. तिच्यावर दुसऱ्या कशाचीही वाहतूक होत नसे. आयपी फोनची रीत निराळी आहे. हा फोन बोलणाऱ्याच्या आवाजाचे सेकंदास ८,००० वेळा मोजमाप करतो आणि ती मोजमापे अंकांच्या रूपाने लहान लहान पुडक्यांत भरून पाठवितो. सर्वत्र चालणाऱ्या ‘जी.७११’ या पद्धतीत प्रत्येक पुडक्यात साधारणतः २० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा आवाज असतो. अर्थात एका बाजूने सेकंदास ५० पुडकी निघतात. प्रत्येक पुडक्यात १६० बाइट आवाज आणि पत्ता, क्रमांक इत्यादी नोंदींचे ४० बाइट असतात. तारेवरील आवरण धरून एका संभाषणास प्रत्येक दिशेने सुमारे ९० किलोबिट प्रति सेकंद इतकी वाट लागते.

आजच्या इंटरनेटच्या मानाने ही मागणी अगदी अल्प आहे. मग आवाज का तुटतो? कारण असे की, आवाजाला वेळेचे बंधन असते. संगणकावरून पाठविलेल्या पत्राचे एखादे पुडके वाटेत हरवले, तर ते पुन्हा मागविता येते. पत्र अर्धा सेकंद उशिरा पोहोचल्याने काही बिघडत नाही. आवाजाच्या पुडक्याला ही सवलत नाही. उशिरा आलेले पुडके फोनला टाकूनच द्यावे लागते, कारण तोवर पुढचा शब्द आलेला असतो. एखाददुसरे पुडके गळाले तर फोन ती उणीव अंदाजाने भरून काढतो व कानाला ती जाणवत नाही. परंतु ‘नका’ या शब्दास पाव सेकंद लागतो असे धरले, तर त्यात बारा-तेरा पुडकी होतात. ती एकदम गेली तर तो शब्द कोणत्याही युक्तीने परत आणता येत नाही.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकास १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा. उशीर त्याहून फार वाढला की दोघेही एकाच वेळी बोलू लागतात, मग दोघेही थांबतात, आणि संभाषणाचा धागा तुटतो.

बिघाड नेमका कोठे होतो

एका छायाचित्राचा आकार ४ मेगाबाइट धरू. कार्यालयातून बाहेर जाणारी वाट सेकंदास १० मेगाबिटची असेल, तर ते एक छायाचित्र तीन सेकंदांहून अधिक काळ ती सर्व वाट व्यापते. वीस छायाचित्रे एकामागून एक पाठविली, तर वाट एक मिनिटाहून अधिक काळ तुडुंब राहते. या अवधीत राउटर नावाचे वाटाड्या यंत्र जास्तीची पुडकी आपल्या पोटात साठवून ठेवते. असा साठा १ मेगाबाइटचा झाला, तर रांगेत शेवटी उभ्या असलेल्या आवाजाच्या पुडक्यास सुमारे पाऊण सेकंद थांबावे लागते. आवाजाच्या दृष्टीने ते पुडके व्यर्थ गेले असेच समजावे.

शेतकरी बांधवांना हे समजावयास कठीण नाही. एकाच पाटावर उसाचे मळे आणि भाजीची रोपवाटिका असली, तर उसाने पाणी ओढले की रोपे वाळतात. रोपांना पाणी थोडेच लागते, परंतु ते ठरलेल्या वेळी लागते. म्हणून जाणता बागाईतदार रोपांसाठी लहानसा वेगळा पाट काढतो. आवाजासाठीही तेच करावयाचे आहे.

खार बंधाऱ्याचा दाखला

वेगळा पाट काढण्याचे दुसरेही एक कारण आहे, आणि ते पनवेल परिसरातील वाचकांस चांगले परिचित असलेल्या खार बंधाऱ्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. खाडीच्या भरतीचे पाणी भातखाचरांत शिरू नये म्हणून मातीचा बांध घातलेला असतो आणि त्यात उघाडी बसविलेली असते. ओहोटीच्या वेळी आतील पावसाचे पाणी उघाडीतून बाहेर जाते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उघाडीचे दार आपोआप मिटते. आतले बाहेर जाऊ द्यावे, पण बाहेरचे आत येऊ देऊ नये, हे तिचे काम. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या खारटपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत. तथापि जात कितीही सोशिक असली तरी ती बांधाची आणि उघाडीची जागा घेऊ शकत नाही. त्याचप्रमाणे फोनचे यंत्र कितीही महागाचे घेतले, तरी नेटवर्कचा बांध नसेल तर त्याचा उपयोग होत नाही.

कार्यालयातील संगणकावर पेनड्राइव्हमधून किंवा एखाद्या फसव्या पत्रातून विषाणू येण्याचा संभव नेहमीच असतो. फोन व संगणक एकाच नेटवर्कवर असल्यास तो उपद्रव फोनपर्यंत पोहोचतो. फोनचे नेटवर्क वेगळे असेल तर बांधाअलीकडे खारे पाणी येत नाही.

हे वेगळेपण दोन रीतींनी साधता येते. पहिली रीत म्हणजे फोनसाठी तारा व स्विच हे सर्वच निराळे घालणे. ही रीत समजावयास सोपी असून जेथे इमारत नवी आहे किंवा फोन चार-सहाच आहेत, तेथे ती योग्य होय. दुसरी रीत म्हणजे त्याच तारांवर दोन आभासी नेटवर्क निर्माण करणे. यास ‘व्हीलॅन’ असे म्हणतात. यात प्रत्येक पुडक्यास एका क्रमांकाची खूण लावली जाते. पायाभूत बियाण्याच्या पिशवीस पांढरी व प्रमाणित बियाण्याच्या पिशवीस निळी खूणचिठ्ठी असते. दोन्ही पिशव्या एकाच गाडीतून गेल्या तरी त्यांची सरमिसळ होत नाही. व्हीलॅनचा क्रमांक ही तशीच खूणचिठ्ठी आहे. स्विच ती वाचून संगणकाचे पुडके संगणकाकडे व फोनचे फोनकडेच सोडतो.

लागणारी सामग्री

पनवेल तालुक्यातील एका भात उत्पादक संस्थेचे उदाहरण कल्पू. तिच्या कार्यालयात सहा व ६० मीटरवरील गोदामात दोन असे आठ फोन बसवावयाचे आहेत. त्यासाठी पुढील वस्तू लागतील.

(१) आठ आयपी फोन. ज्यांच्या पाठीमागे तारेची दोन तोंडे असतात, असे घ्यावेत. एका तोंडात स्विचकडून येणारी तार व दुसऱ्यात टेबलावरील संगणकाची तार बसते. त्यामुळे प्रत्येक टेबलापर्यंत एकच तार नेली तरी चालते.

(२) व्हीलॅनची सोय असलेला स्विच. जो तारेतूनच फोनला वीज पुरवितो, असा घ्यावा. या सोयीस ‘पीओई’ म्हणतात. तिच्या मूळ मानकाप्रमाणे स्विचच्या प्रत्येक तोंडातून १५.४ वॉटपर्यंत वीज देता येते. साध्या टेबल-फोनला याच्या निम्मीही लागत नाही. साधा, स्वस्त स्विच घेतल्यास व्हीलॅनची सोय मिळत नाही, हे खरेदीच्या वेळी विसरू नये.

(३) आयपी-पीबीएक्स, म्हणजे कार्यालयाचे अंतर्गत एक्स्चेंज. हे तयार पेटीच्या स्वरूपात मिळते. किंवा १९९९ साली सुरू झालेली ‘अ‍ॅस्टरिस्क’ ही विनामूल्य प्रणाली लहान संगणकावर चालविता येते. जेथे संगणक जाणणारा कर्मचारी नाही, तेथे तयार पेटीच घ्यावी.

(४) दोन नेटवर्कमधील व इंटरनेटकडील वाहतुकीवर नियम घालू शकणारा राउटर.

(५) परवानाधारक दूरसंचार कंपनीकडून घेतलेली बाहेरची जोडणी, हिला ‘सिप ट्रंक’ म्हणतात. तसेच स्विच, राउटर व एक्स्चेंज यांना पुरेल अशी यूपीएस किंवा इन्व्हर्टर.

मांडणीची रीत

प्रथम कागदावर आराखडा काढावा. कोणत्या खोलीत कोणता फोन, त्याचा अंतर्गत क्रमांक काय, तार स्विचच्या कितव्या तोंडात जाते, हे लिहून तो कागद स्विचच्या पेटीत चिकटवून ठेवावा. कर्मचारी बदलून गेल्यावर हाच कागद उपयोगी पडतो.

त्यानंतर नेटवर्कची विभागणी ठरवावी. उदाहरणार्थ, संगणकांसाठी व्हीलॅन १० व पत्ते १९२.१६८.१०.० या गटातील. फोनसाठी व्हीलॅन २० व पत्ते १९२.१६८.२०.० या गटातील. अभ्यागतांस वाय-फाय देत असल्यास त्याचे तिसरे नेटवर्क करावे. क्रमांक कोणतेही चालतील. परंतु पत्त्यांच्या गटाशी ते जुळते ठेवले की लक्षात राहतात.

स्विचच्या ज्या तोंडांना फोन जोडावयाचे, त्या तोंडांवर दोन्ही नेटवर्क द्यावेत: संगणकाचे बिनखुणेचे व फोनचे खूण लावलेले. फोन सुरू होताच स्विच त्यास “तुझे नेटवर्क २० क्रमांकाचे” असे कळवितो. ‘एलएलडीपी-मेड’ या नावाने ही सोय बहुतेक फोनांत असते. ती स्विच व फोन या दोहोंत चालू आहे ना, हे पाहावे. नसल्यास प्रत्येक फोनच्या सूचीत जाऊन व्हीलॅनचा क्रमांक हाताने घालावा लागतो. एक्स्चेंजची पेटी फोनच्या नेटवर्कमध्येच ठेवावी आणि तिचा पत्ता कायमचा निश्चित करावा.

यानंतर बांधातील उघाडी बसवावी, म्हणजे राउटरवर नियम घालावेत. संगणकाच्या नेटवर्कमधून फोनच्या नेटवर्ककडे जाण्यास सर्वसाधारणपणे बंदी असावी. व्यवस्था पाहणाऱ्या एकाच संगणकास मुभा द्यावी. फोनच्या नेटवर्कमधून बाहेर जाण्यास फक्त सिप ट्रंक देणाऱ्या कंपनीच्या पत्त्यांकडे व घड्याळ जुळविणाऱ्या सेवेकडे वाट ठेवावी. बाहेरून आपण होऊन आत येऊ पाहणाऱ्या पुडक्यांस मज्जाव करावा. आपण सुरू केलेल्या संभाषणाचे उत्तर मात्र आत येऊ द्यावे. कंपनीने आपल्या पत्त्यावरून आत येण्याची मुभा मागितल्यास ती तेवढ्या पत्त्यांपुरतीच द्यावी.

पुष्कळ राउटरांत ‘सिप एएलजी’ नावाची एक सोय आधीपासून चालू असते. ती मदतीसाठी असली, तरी तिच्यामुळे आवाज एकाच बाजूने ऐकू येणे किंवा घंटा न वाजणे असे दोष अनेकदा उद्भवतात. कंपनीने मुद्दाम सांगितले नसेल तर ती बंद ठेवावी.

इंटरनेटच्या तोंडाशी प्राधान्य

व्हीलॅन केल्याने कार्यालयाच्या आतील वाट वेगळी होते. परंतु इंटरनेटची बाहेर जाणारी वाट दोन्ही नेटवर्कना एकच असते. येथे पाळी लावून देणे आवश्यक आहे, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. वर सांगितलेल्या कार्यालयात आवाज याच ठिकाणी अडला होता.

आयपी फोन आपल्या आवाजाच्या पुडक्यांवर अग्रक्रमाचे चिन्ह लावू शकतो. त्याचा क्रमांक ४६ हा आहे. राउटरला हे चिन्ह ओळखून ती पुडकी सर्वांच्या आधी सोडण्यास सांगावे. त्याबरोबरच बाहेर जाणाऱ्या वाहतुकीची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्के इतकी बांधावी. वेग १० मेगाबिट असेल तर मर्यादा ८.५ किंवा ९ मेगाबिट ठेवावी. असे केल्याने रांग कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, व तेथे कोणास आधी सोडावयाचे हे आपल्या हाती राहते. कंपनीच्या यंत्रात रांग लागली तर तेथे आपले चिन्ह मानले जाईलच असा भरवसा नसतो.

आठ फोनांपैकी एका वेळी चार बाहेर चालू राहतील असे धरल्यास चौघांना मिळून प्रत्येक दिशेने ३६० किलोबिट लागतील. अर्धा मेगाबिट राखून ठेवला तर पुरेसा होतो. संगणकाचे काम त्यामुळे मंदावले असे कोणास जाणवणारही नाही.

ज्या कार्यालयास परवडेल, त्याने फोनसाठी इंटरनेटची जोडणीही निराळी घ्यावी. मग पाळीचा प्रश्नच उरत नाही, आणि एक जोडणी बंद पडल्यास दुसरीवर काम चालविता येते.

कोकणच्या हवेत घ्यावयाची काळजी

रायगड जिल्ह्यातील पाऊस, दमट व क्षारयुक्त हवा आणि विजांचा कडकडाट यांचा विचार न करता केलेली मांडणी फार काळ टिकत नाही.

कार्यालय व गोदाम यांमध्ये तांब्याची तार घालू नये. तांब्याच्या नेटवर्क तारेची मर्यादा १०० मीटर असल्याने ६० मीटरचे अंतर तिला जमण्याजोगे आहे. परंतु दोन इमारतींमधील तांब्याची तार जवळपास पडलेल्या विजेचा झटका आत आणते व दोन्हीकडील यंत्रे जळतात. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात हा धोका विशेष असतो. म्हणून इमारतींमध्ये धातूविरहित फायबर तार घालावी व गोदामात दुसरा लहान स्विच बसवावा. दोन्ही ठिकाणी जमिनीचे अर्थिंग नीट आहे ना, हे पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे.

स्विच व राउटर भिंतीवरील बंद पेटीत, खिडकीपासून दूर व जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर ठेवावेत. खाडीच्या वाऱ्याने तारांच्या टोकांवरील धातूचे भाग गंजतात. वर्षातून एकदा ती टोके तपासून खराब झालेली बदलावीत. भाताच्या कोठारात उंदीर तारा कुरतडतात, म्हणून तेथे तार पाइपातूनच न्यावी.

गोदामातील एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. धान्यातील किडींसाठी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी देतात. तिच्यातून निघणारा फॉस्फिन वायू मनुष्यास प्राणघातक आहेच. शिवाय तो तांब्यास गंजवितो, आणि फोन, स्विच यांसारखी यंत्रे त्याने निकामी होतात. धुरी देण्यापूर्वी गोदामातील फोन व स्विच काढून बाहेर ठेवावेत. ते कायमचे गोदामाबाहेरील खोलीत बसविता आले तर अधिक चांगले.

आता विजेचा विचार. जुना फोन एक्स्चेंजकडून येणाऱ्या विजेवर चालत असे, त्यामुळे गावात अंधार असला तरी तो बोलत असे. आयपी फोनचे तसे नाही. कार्यालयाची वीज गेली की तो मुका होतो. आमच्या उदाहरणातील आठ फोन, स्विच, राउटर, फायबरचे यंत्र व एक्स्चेंज मिळून सुमारे ९० वॉट वीज लागेल. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरली, तर आठ तासांच्या आसपास काम चालते. इन्व्हर्टरने बॅटरीवर जाताना क्षणभरही खंड पडू देऊ नये, अन्यथा सर्व यंत्रे नव्याने सुरू होण्यात दोन-तीन मिनिटे जातात व चालू संभाषण तुटते. म्हणून त्याची कळ ‘यूपीएस’ या स्थितीवर ठेवावी. एवढे करूनही कार्यालयात एक भ्रमणध्वनी नेहमी भरलेला ठेवावा आणि ११२ हा तातडीचा क्रमांक त्यावरून लावावा हे सर्वांस सांगून ठेवावे.

चोरी व कायदा

इंटरनेटवर अशी यंत्रे अहोरात्र फिरत असतात, जी उघडी एक्स्चेंजे हुडकून त्यांतून परदेशी फोन लावतात. त्याचे बिल संस्थेच्या माथी येते. हे टाळण्यासाठी प्रत्येक फोनचा व एक्स्चेंजचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. अंतर्गत क्रमांक २०१ व पासवर्डही २०१, असे कधीही करू नये. परदेशी फोनची सोय गरज नसल्यास कंपनीकडूनच बंद करून घ्यावी. एक्स्चेंज इंटरनेटवर उघडे ठेवू नये. दुरून व्यवस्था पाहावयाची असल्यास व्हीपीएन या सुरक्षित मार्गानेच पाहावी.

सिमकार्डांच्या पेट्या बसवून बाहेरचे फोन इंटरनेटवरून आणणे व ते स्थानिक क्रमांकावर सोडणे हा गुन्हा आहे. “तुमच्या कार्यालयात एक पेटी ठेवा, दरमहा भाडे देतो,” असे सांगणाऱ्यास थारा देऊ नये. तसेच फोनवरील बोलणे ध्वनिमुद्रित करावयाचे असल्यास बोलणाऱ्यास प्रारंभीच तसे सांगावे, व शेतकऱ्याचे खाते क्रमांक इत्यादी माहिती असलेली मुद्रणे कुलपात ठेवलेल्या कागदांप्रमाणेच जपावीत.

मांडणीची पारख

सर्व जोडणी झाल्यावर ती भरधाव वाहतुकीत तपासली पाहिजे. रिकाम्या वेळी केलेली पारख ही उन्हाळ्यात केलेल्या बांधाच्या पारखेसारखी असते. एका संगणकावरून मोठी फाईल पाठविण्यास लावावी, आणि त्याच वेळी बाहेरच्या एका भ्रमणध्वनीवर फोन लावून पुढील शब्द सावकाश उच्चारावेत: सात, साठ, पन्नास, पंचावन्न, नका, टाका. ऐकणाऱ्याने ते कागदावर लिहावेत. मग उलट दिशेने तसेच करावे. एकही शब्द चुकला नाही तर मांडणी पावसाळ्यास तयार झाली असे समजावे. शब्द चुकले तर राउटरची मर्यादा आणखी थोडी खाली आणून पुन्हा पाहावे.

लहान कार्यालयात, जेथे एक-दोन फोन व एकच संगणक आहे, तेथे व्हीलॅनचा खटाटोप करण्याचे कारण नाही. राउटरवर फोनला अग्रक्रम देणे व पासवर्ड बदलणे एवढे पुरे होते. गरजेपेक्षा मोठी व्यवस्था पुढे सांभाळवत नाही.

सारांश

(१) आवाजास वाट थोडी लागते, परंतु ती ठरलेल्या वेळी मोकळी लागते. म्हणून त्याचे नेटवर्क वेगळे ठेवावे. (२) दोन नेटवर्कमधील बांधात उघाडी असावी व ती कोणासाठी उघडते हे लिहून ठेवलेले असावे. (३) इंटरनेटच्या तोंडाशी आवाजास पहिली पाळी द्यावी. (४) वीज, क्षार, उंदीर व धुरी यांपासून यंत्रे जपावीत. (५) पासवर्ड बदलावेत व परवानाधारक जोडणीच वापरावी.

अखेरीस एक गोष्ट अशी की, जिला कोणतेही यंत्र लागत नाही. सल्ला सांगून झाल्यावर फोन ठेवण्यापूर्वी शेतकऱ्यास विनंती करावी, “दादा, मी काय सांगितले ते एकदा परत सांगा.” तो जे परत सांगेल तेच त्याच्या शेतात होणार आहे. शेतकरी बांधवांनीही संकोच न करता, आवाज तुटला असे वाटताच पुन्हा विचारून घ्यावे. नेटवर्कचा बांध भक्कम असला तरी ही सवय सोडू नये.